बारा चांदण्यांची घमेली

मधुमतीबाईला आयुष्यातली पहिली नोकरी लागली ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि ती लागली साहेबाच्या अर्धवट ज्ञानामुळं.

बाई मूळची माण तालुक्यातली. दहिवडीच्या पलीकडं, जिथं माणसांपरास मेंढरं जास्त आणि मेंढरांपरास दगडं जास्त, तिथली. नवरा हरीश भूल देणारा डॉक्टर. चोवीस वर्षांमागं त्याला मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली तशी ही त्याच्या पाठोपाठ आली. नवऱ्याचा धंदा माणसं झोपवायचा आणि हिचा आवाज झोपलेली उठवायचा, त्यामुळं संसार बरोबरीत चालला. महाराष्ट्र मंडळातल्या पुण्यामुंबईच्या बायका आधी तिच्या बोलण्याला तोंडावर पदर घेऊन हसायच्या. मग एका गणपतीत मंडळाच्या सेक्रेटरीणबाई मंजिरी यांनी तिला सगळ्यांदेखत शाबासकी दिली, की तुम्ही किती छान ग्रामीण बोलता हो. मधुमती म्हणाली, "तुमी बी बरं बोलता की पुस्तकातलं. सवय झाली की जमंल तुमाला बोलाय." त्या दिवसापासनं हसणं बंद झालं, आणि प्रसादाच्या शिऱ्याची जबाबदारी कायमची मधुमतीकडं आली.

पोरं मोठी होऊन आपापल्या दिशेनं गेली. घरात नवरा, ती आणि बोलणारं ओव्हन. बाईला पैशाची नड नव्हती. पण चोवीस वर्षं बँकेत, दवाखान्यात, मंडळाच्या पावतीवरसुद्धा ती 'डॉक्टरांच्या मिसेस' होती आणि त्याचा तिला वीट आला होता. आपली आपण मिळवलेली, आपल्या नावाची एक नोकरी पाहिजे, मग ती झाडू मारायची का असंना, असं तिनं मनावर घेतलं होतं. नऊ ठिकाणी अर्ज टाकले. नऊ जणांनी इतकी गोड पत्रं पाठवली की नकार कुठल्या ओळीत आहे ते हरीशला शोधून द्यावं लागलं.

दहावा अर्ज एका चॅरिटीत गेला. मँचेस्टरच्या पूर्वेला ट्राम जिथं संपते त्याच्या अलीकडच्या तीन गल्ल्यांत रुमानियातनं आलेली रोमा कुटुंबं राहतात. तिकडं पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं, इकडं येऊन भंगार, गाड्या धुणं, कोंबड्या सोलायचे कारखाने असल्या कामांना लागलेली. त्यांना समाजात सामावून घ्यायला युरोपचा एक फंड होता. ब्रिटननं युरोपशी काडीमोड घेऊन दोन वर्षं उलटली होती, पण आधी कबूल केलेली पोटगी अजून येत होती, आणि ती आटायच्या आत खर्चून टाकायची सगळ्यांना घाई.

चॅरिटीचा मॅनेजर नील. नाव आपल्यातलं वाटतं, पण गडी वेल्सचा. तांबूस दाढी, सायकलचं हेल्मेट, आणि तीन वाक्यांत एकदा 'जर्नी'. त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की रोमा लोक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातनं निघाले. मधुमतीचा अर्ज बघून त्याला वाटलं, हरवलेल्यांची चुलती सापडली. मुलाखतीत त्यानं डोळे ओले करून विचारलं, तुम्हाला या लोकांबद्दल आतून काही ओढ वाटते का. मधुमती म्हणाली, हजार वर्षांमागं गेल्यात न्हवं, मग माझ्या वळखीचं त्यात कुणी नसंल. पर हाक मारून बगते. नीलला तो विनय वाटला. नोकरी पक्की झाली.

काम असं होतं. त्या गल्ल्यांच्या तोंडाला एक जुना हॉल होता. त्यात फंडाच्या पैशानं धुण्याचा वर्ग काढलेला. हॉटेलांना, केअर होमना धुणं धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायका लागतात. तर रोमा बायकांना ते काम रीतसर शिकवायचं, हातात सर्टिफिकेट द्यायचं, नोकरीला लावायचं. मागच्या खोलीत दोन मोठी मशीनं आणि एक मोठं सिंक, पुढच्या खोलीत बसायचं टेबल आणि चहा. वर्ष भरत आलं की फंडाकडनं तपासणीला माणूस येणार. त्या दिवशी वीस बायका वर्गात हजर दिसल्या तर वर्ग पुढं चालू, नाहीतर वर्ग बंद आणि मधुमतीची जागाही बंद. नीलनं हे सांगितलं तेव्हा मधुमती म्हणाली, वीस बायका गोळा करायच्या म्हंजे काय, आमच्यात बारशाला साठ येत्यात.

पहिल्या दिवशी चौदा आल्या. लांब घागरे, डोक्याला रुमाल. सगळ्यात पुढं फ्लोरिका. पन्नाशीची, रुंद हाडाची, सोन्याचे दोन दात, आणि चाल अशी की मागच्या तेरा जणी तिच्या पावलावर पाऊल टाकतायत हे तिला मागं न बघता ठाऊक. नीलनं भाषण केलं. मग सगळ्यांना मागची खोली दाखवायला नेलं. सिंकमध्ये सकाळच्या चहाचे कप भिजत होते, आणि त्याच पाण्यात एक स्वयंसेवक पोरगी फरशी पुसायचा मॉप बुचकळत होती. फ्लोरिकानं सिंकात बघितलं. मग नीलकडं बघितलं, जसं आपण रस्त्यात पडलेल्या कशाकडं बघतो तसं. आणि चौदाच्या चौदा जणी आल्या वाटेनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी कुणी नाही. पुढच्या आठवड्यात कुणी नाही. नीलनं एका तज्ज्ञाकडून अहवाल लिहून घेतला, या बायकांना वर्गात यायला अडथळे कोणते. अडतीस पानं झाली. बसच्या वेळा, जाहिरातीतल्या अक्षरांचा आकार, भिंतीचा दडपण आणणारा रंग. मग भिंत फिकट हिरवी झाली. मधुमती रोज त्या हिरव्या भिंतीसमोर एकटी बसून डबा खायची.

दहाव्या दिवशी तिनं पायात बूट घातले आणि सरळ फ्लोरिकाच्या घरी गेली.

नीलनं निघताना एक कागद दिला होता. रोमांच्या आणि आपल्या भाषेत सारखे शब्द. मधुमतीनं दारात उभं राहून नाकाला हात लावून 'नाक' म्हटलं. फ्लोरिका म्हणाली, "नाख." मधुमतीनं कान धरला. फ्लोरिकानं आपला धरला. दोघींना नाक आहे आणि कान आहेत एवढं ठरलं, आणि मग पुढं बोलायला काही उरलं नाही. बरं, फ्लोरिका नऊ वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात होती, तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, आत ये, कॉफी घे, आणि तो कागद खिशात ठेव.

कॉफी पिता पिता मधुमतीचं लक्ष मागच्या अंगणात गेलं. भिंतीला टेकून सात घमेली उभी होती, सात रंगांची. एक दुसऱ्याला लागणार नाही अशी, अंतर राखून. मधुमतीनं विचारलं. फ्लोरिकानं उत्तर म्हणून आपल्या कमरेवर हाताची आडवी रेघ मारली. वरचे कपडे या घमेल्यात. कमरेखालचे त्या. बायकांचे निराळे, गड्यांचे निराळे. ताटं पुसायची फडकी एकटी, त्यांना अंगावरचं काही शिवायचं नाही. आणि भांड्यांच्या जागी भांड्यांशिवाय दुसरं काही धुतलं, तर ते भांडं फेकून द्यायचं. तुमच्या हॉलात, ती म्हणाली, कपात मॉप धुतात. मी तिथं माझ्या सुनांना कशी आणू? उद्या लोक म्हणतील फ्लोरिकाच्या घरचं खाऊ नका.

मधुमतीला सगळं एका घोटात कळलं. अडतीस पानांत जे नव्हतं ते सात घमेल्यांत होतं. तिच्या सासरी महिन्याचे चार दिवस तिला गोठ्यापाशी बसवायचे; पाणी वरनं ओतायचे. त्या जाचावरनं सासूशी भांडून भांडून ती विलायतेपर्यंत आली होती. संध्याकाळी हरीशला म्हणाली, "बगा की, जलमभर विटाळाच्या नावानं बोटं मोडली, आन आता सरकार मला त्याचाच पगार देणार."

हरीश म्हणाला, "युरोपियन विटाळ आहे, अगं. दर्जा निराळा."

सकाळी तिनं नीलला सांगितलं, बारा घमेली पाहिजेत. नील म्हणाला, पण मशीन आहे ना. मधुमतीनं विचारलं, तू चड्डी भिजवलेल्या पाण्यात चहाचा कप विसळशील का? नीलनं उत्तर द्यायच्या आधी विचार केला. त्या दिवसापासनं मधुमतीनं त्याच्या हातचा चहा सोडला.

घमेल्यांसाठी तीन दुकानांचे भाव मागवावे लागले. नियमच तसा. सहा आठवडे गेले. सर्वांत स्वस्त दुकानाकडनं बारा आली, बाराच्या बारा करड्या रंगाची. आता वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, हे ओळखायचं कसं? बायकांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं चिठ्ठी डकवून उपयोग नाही. मधुमतीनं इकडं तिकडं बघितलं. टेबलावर स्टिकरचं एक भेंडोळं पडलं होतं. निळा चौकोन आणि त्यात पिवळ्या बारा चांदण्यांचं रिंगण, म्हणजे युरोपचा झेंडा. फंडाच्या पैशानं जे जे घेतलं त्या प्रत्येक वस्तूवर तो लावायचा, हाही नियम. माणदेशात कळपं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मेंढराच्या पाठीला गेरू लावतात. कुणाचा गेरू आणि कुठला, हे तिथं कोण विचारत नाही, खूण लांबनं दिसली म्हणजे झालं. मधुमतीनं सहा घमेल्यांना चांदण्यांचा शिक्का लावला, सहा कोरी ठेवली. चांदण्यावालं ते कमरेखालचं. दोन मशीनांपैकी एकावर तसाच लावला. नीलनं विचारलं, बाकीच्यांवर का नाही. ती म्हणाली, गरम पाण्यानं निघत्यात. नीलनं ते वहीत लिहून घेतलं.

फ्लोरिकानं येऊन पाहणी केली. प्रत्येक घमेलं उलटंपालटं करून बघितलं, मॉप कुठं ठेवता ते विचारलं, कपांसाठी निराळं छोटं सिंक पुढच्या खोलीत बसवून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी पाच जणींना घेऊन आली. महिन्यात बारा झाल्या, तीन महिन्यांत वीस.

वर्ग कागदावर मधुमतीचा होता, चालवायची फ्लोरिका. एकदा मधुमतीनं भुकेच्या घाईत आपला डबा कपडे निवडायच्या टेबलावर ठेवला. फ्लोरिकानं तो दोन बोटांनी उचलून मालकिणीसकट अंगणात नेऊन बसवला. मधुमती इस्त्री शिकवायची, कपड्यांवरच्या पट्टीवरचं इंग्रजी शिकवायची, किती डिग्रीचं पाणी आणि कुठला साबण ते समजवायची. मधल्या वेळात भाकरीची आणि मामालिगाची, म्हणजे त्यांच्या मक्याच्या घट्ट घाट्याची, देवाणघेवाण चालायची, अर्थात पुढच्या खोलीत.

ती खूण मात्र हॉलात राहिली नाही. बायकांना सोय आवडली. घरच्या घमेल्यांसाठी त्यांनी स्टिकर मागून नेले. दोन भेंडोळी संपली. नीलनं खुशीत आणखी चार मागवली. लोक फंडाचं चिन्ह आपण होऊन घरी नेतायत असं इतर कुठल्या प्रकल्पात झालं नव्हतं. तीन गल्ल्यांत लहान पोरालासुद्धा ठाऊक झालं, की पिवळ्या चांदण्या म्हणजे चड्ड्या. रुमानियाहून फ्लोरिकाचा भाचा गाडी घेऊन आला, तिच्या नंबरपाटीच्या कोपऱ्यात तोच निळा झेंडा. पोरं गाडीमागं बोंबलत धावली. भाच्याला काय झालं ते कळेना. शेवटी मावशीनं त्या कोपऱ्यावर काळी टेप मारून घेतली तेव्हा त्याला गल्लीत गाडी उभी करू दिली. मधुमती घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसली. तिथंच तिला शहाणपण सुचायला हवं होतं. पण तिनं स्वतःच्या न्हाणीत एक चांदण्यांचं घमेलं आणून ठेवलं होतं, आणि हरीशला दटावलं होतं, की तुमची बनियन त्यात दिसली तर बगा.

फेब्रुवारीत तपासणीचं पत्र आलं. मंगळवारी अकरा वाजता. वीस बायका हजर पाहिजेत, वर्ग चालू दिसला पाहिजे, आणि फंडाचं चिन्ह ठळक जागी दिसलं पाहिजे. मधुमतीनं वीस जणींच्या घरी जाऊन पक्कं केलं. फ्लोरिकानं सांगितलं, पाहुणी येतेय तर मी सरमाले करते. सरमाले म्हणजे कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून मंद आचेवर शिजवलेले गुंडे. वीस बायका, पाहुणी, मधुमती, नील मिळून सत्तर गुंडे. आदल्या दिवशीपासनं तिचं चुलाण पेटलेलं.

आणि नीलनं ठरवलं, सगळ्यांना चकित करायचं.

मंगळवारी तो सकाळी सातलाच हॉलात आला. त्यानं गुपचूप मागवून ठेवलेला माल काढला. पुढच्या खोलीत या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत चांदण्यांच्या पताका. चहाच्या टेबलावर चांदण्यांचं निळं कापड. त्यावर चोवीस नवे पांढरे कप, प्रत्येकावर बारा चांदण्यांचं रिंगण. टेबलाच्या वर भलंमोठं पोस्टर. ठळक म्हणजे किती ठळक, तर बाहेर फुटपाथवरनं दिसावं इतकं.

साडेदहाला बायका आल्या, धुतलेल्या घागऱ्यांत, रांगेनं. पुढं फ्लोरिका, हातात मोठं पातेलं. नील धावत फाटकापर्यंत गेला, मोठ्या अदबीनं पातेलं तिच्या हातातनं घेतलं, आत पळाला आणि चांदण्यांच्या कापडाच्या मधोमध ठेवलं. फ्लोरिका त्याच्यामागनं दारात आली.

उंबऱ्यातच ती थांबली. तिनं टेबल बघितलं. कप बघितले. वर पताका बघितल्या. मग ती आत गेली, पातेलं उचललं, बाहेर आली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि सत्तरच्या सत्तर सरमाले आत ओतले. मग पातेलंही टाकलं. मग वीस जणी पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या, वाऱ्यात, हाताची घडी घालून.

नीलचा चेहरा पडला. त्यानं बायकांची नजर कुठं आहे ते निरखलं, ती झेंड्यावर होती. त्याचं तोंड एकदम उजळलं, त्याला उमगलं. तो फुटपाथवर गेला आणि हळू आवाजात म्हणाला, की ब्रेक्झिटबद्दल तुमची जी काही मतं असतील त्यांचा मी आदर करतो. इथं सगळ्या मतांना जागा आहे. वीस जणींनी त्याच्याकडं बघितलं. एकीनं रुमाल तोंडावर ओढून घेतला.

मधुमती, नीलनं मुद्दाम उशिरा बोलावलेली, ट्रामच्या थांब्यावरनं चालत येत होती. लांबनं तिला बायका दिसल्या, मग दारातनं पताका दिसल्या, आणि ती धावत सुटली. फ्लोरिका रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट होतं. ती सावकाश म्हणाली, "मादू, वर्षभर तू आमच्याबरोबर बसून जेवलीस. आज आम्हाला चड्डीतून चहा पाजणार होतीस?"

मधुमतीनं दारातनं पताकांकडं बघितलं. खूण तिचीच होती. युरोपनं झेंडा काढला तेव्हा त्यात काही खोट नव्हती. त्याला कमरेखाली नेऊन बसवणारी तीच. आणि अकराला पाच कमी होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरनं एक तिशीची पोरगी आली, हातात टॅबलेट, गळ्यात कार्ड. ट्रेन वेळेवर आल्यामुळं ती लवकर पोचली होती, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. हीच तपासणीस. तिनं विचारलं, सगळे बाहेर का. नील म्हणाला, फायर ड्रिल. पोरगी कामाला चोख होती. ती म्हणाली, उत्तम, चालू द्या, आणि रांगेच्या टोकाला स्वतःही उभी राहून हजेरी कोण घेतंय ते बघायला लागली. कुणीच घेत नव्हतं. नील आकाशाकडं बघत होता. दोन मिनिटं गेली.

मग फ्लोरिका तिच्याकडं वळून इंग्रजीत म्हणाली, "आग नाही. चड्डी."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मधुमतीनं पोरीच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. तनिषा घोरपडे.

"घोरपडे म्हंजे कुठली गं तू?"

पोरगी दचकली. "माझा जन्म हॅरोचा आहे. पण बाबा साताऱ्याची. सॉरी, साताऱ्याचे."

"मग तुला मराठीतच सांगते, इंग्रजीत मला लाज वाटंल." आणि मधुमतीनं सांगितलं. सिंक, मॉप, सात घमेली, करडा रंग, गेरूची रीत, चांदण्या. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाली, "त्यो झेंडा मी कंबरंखाली नेला. ह्या बायकांचं काय चुकलं न्हाई, त्या नीलचं बी न्हाई, त्यो जलमतःच तसा हाय. माझी जागा काढायची तर काढ. पर वर्ग मोडायच्या आदी ह्यांनी धुतलेली एक चादर बगून जा."

तनिषानं दारातनं आत डोकावून बघितलं. मग तिनं विचारलं, "काकू, म्हणजे तो जो पोस्टर आहे, ती... त्यांना ती चड्डीची टब वाटते?"

"व्हय."

"आणि कप पण?"

"कप तर जास्तीच."

तनिषानं पाठ फिरवली. खांदे हलत होते. वळली तेव्हा तोंड सरकारी होतं, डोळे मात्र पुसलेले. तिनं टॅबलेटवर नियम काढून वाचला. वीस जणी एका छपराखाली पाहिजेत. चिन्ह ठळक, सहज दिसेल अशा जागी पाहिजे. तिनं तो दोनदा वाचला आणि मग म्हणाली, "ठळक लिहिलाय. पण कुठल्या रूममध्ये, असं काही नाही लिहिला."

मधुमतीला पुढचं सांगावं लागलं नाही. ती फ्लोरिकाशी बोलली. फ्लोरिकानं अटी घातल्या: पुढच्या खोलीत एक चांदणी दिसता कामा नये, टेबल उकळत्या पाण्यानं दोनदा धुवायचं, कप सगळे मागं, चहा कागदी पेल्यांत, आणि नीलनं कशाला हात लावायचा नाही. मग जे हललं ते बघण्यासारखं होतं. पताका निघाल्या आणि मागच्या धुण्याच्या खोलीत चांदण्यांच्या घमेल्यांवर तोरणागत लागल्या. निळं कापड खालच्या कपड्यांच्या मशीनवर पांघरलं. पोस्टर त्याच्या बरोब्बर वर. चोवीस कप फळीवर रांगेनं. त्यांतल्या सहांत लगेच साबणाची पूड भरली, कारण खालच्या कपड्यांना पूड मोजून घालायला माप लागतंच. पंधरा मिनिटांत धुण्याच्या खोलीची गणपतीची आरास झाली. बायका आत आल्या, बघितलं आणि खूश झाल्या. ज्याचं त्याला मिळालं होतं. एक म्हातारी म्हणाली, मोठं पोस्टर आधीच लावायला हवं होतं, तिला लांबचं दिसत नाही.

वर्ग झाला. वीस जणींनी चादरी धुतल्या, पिळल्या, इस्त्री केल्या. तनिषानं मोजणी केली, घड्या बघितल्या, आणि शेवटी तिच्या फॉर्मवरचे ठरलेले प्रश्न विचारले. पहिला: हे चिन्ह तुम्हाला ओळखता येतं का? तिनं मधुमतीला मराठीत हळूच सांगितलं, की इतर प्रकल्पांत हा प्रश्न विचारला तर एक जण बँक म्हणतो, एक फुटबॉलचा संघ, एकानं तर पिझ्झाची कंपनी म्हटलं होतं. इथं तिनं पोस्टरकडं बोट केलं, आणि वीस हात एकदम वर गेले. तनिषानं लिहिलं, विसापैकी वीस. चिन्ह कशाचं, हे विचारायला फॉर्मात रकाना नव्हता.

दुसरा प्रश्न होता, या चिन्हाबद्दल तुमचं मत काय. बायकांनी फ्लोरिकाकडं बघितलं.

फ्लोरिका म्हणाली, "उपयोगी आहे. हे नव्हतं तेव्हा फार गोंधळ व्हायचा."

तनिषानं तेही शब्दशः लिहून घेतलं.

महिन्यानं पत्र आलं. वर्ग चालू ठेवावा, आणि चिन्हाची ओळख लोकांपर्यंत पोचवण्यात हा प्रकल्प सगळ्यांत पुढं आहे. नीलला क्रॉयडनला बोलावणं आलं, हे कसं साधलं यावर बाकीच्या प्रकल्पवाल्यांपुढं दहा मिनिटं बोलायला. तो बोलला. जर्नीवर बोलला. घमेल्यांचा फोटो दाखवला आणि म्हणाला, आम्ही लोकांच्या रोजच्या जगण्यात सर्वांत खालच्या थरापर्यंत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

मधुमतीची जागा राहिली. पण पोटगी कधीतरी आटायचीच. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात युरोपचा पैसा संपला, त्याच्या जागी जो दुसरा फंड येणार म्हणत होते तो कुठल्या वाटेनं आला आणि कुठं गेला ते नीलला कळलं नाही. वर्ग मिटला. तोवर अठ्ठावीस जणी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यातल्या अकरा जणी एकाच लॉन्ड्रीत होत्या. गावाबाहेरची मोठी लॉन्ड्री, केअर होमचं धुणं करणारी. तिथं सकाळच्या पाळीची सुपरवायझर फ्लोरिका. मालकाला तिनं पहिल्याच आठवड्यात आठ नवी घमेली घ्यायला लावली, आणि डाग परत येण्याच्या तक्रारी थांबल्या म्हणून मालकानं कारण विचारलं नाही.

मधुमती पंधरा दिवस घरी बसली. पुन्हा अर्ज टाकले. पुन्हा गोड पत्रं आली. वय अठ्ठावन्न. हरीश सांगायला लागला की आता आराम कर, मंडळात लक्ष घाल. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि ज्या घरात मधुमती बोलत नाही तिथं माणसाला राहवत नाही, म्हणून तो रजेच्या दिवशीही हॉस्पिटलात जायला लागला.

सोळाव्या दिवशी दारात फ्लोरिका. बसली नाही. म्हणाली, एक जागा आहे, सोमवारी सहाला ये, उशीर केलास तर पगार कापीन. मधुमतीनं विचारलं, अर्ज कुठं करायचा. फ्लोरिका म्हणाली, तू माझ्या दारात आलीस तेव्हा माझ्याकडनं अर्ज घेतला होतास का?

परवा मंडळात मंजिरीताईंनी मधुमतीला गाठलं. तुम्ही डॉक्टरांच्या घरच्या, आणि लॉन्ड्रीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ते कसंसंच वाटत होतं.

मधुमती म्हणाली, "कसंसं मला बी वाटतं, ताई. साहेबीण लई कडक हाय. माझ्या हातच्या चादरी तीनदा उसकटून परत घालाय लावल्या आन शेवटी उशीच्या खोळीवर टाकलं. म्हणती, चादरीवर जायला तुला दिवाळी उजाडंल." आणि म्हणाली, "जाणार हाय मी. गणपतीच्या आतच जाणार."